परदेशात घेतलेली स्वस्तातली जुनी गाडी: दुरुस्त करावी की भंगारात द्यावी?

रंकाळ्याची_पोर | १९ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. यंदा फेब्रुवारीत इंग्लंडला आले, बर्मिंगहॅमच्या बाहेर एका उपनगरात राहते. नर्स आहे. रात्रपाळी सकाळी साडेसातला सुटते आणि रविवारी आमच्याकडे बस तासाला एक. पावसात त्या थांब्यावर उभं राहून दोनदा आजारी पडले, तेव्हा गाडी घ्यायचं ठरवलं. इथे माझ्या नावावर कर्जाचा काही इतिहास नाही, म्हणून हप्त्याचा विचार सोडला. साठवलेल्या पैशातून ऑगस्टमध्ये अकराशे पौंडांना २००७ ची एक जपानी हॅचबॅक घेतली. पेट्रोल, हातगिअर, ९४ हजार मैल, म्हणजे साधारण दीड लाख किलोमीटर. विकणारे आजोबा होते, डोळ्यांमुळे गाडी चालवणं बंद केलेले. सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या त्यांनी फायलीत लावून दिल्या.

आता अडचण अशी. इथे तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते. ती पास नसेल तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. माझी २८ नोव्हेंबरला संपते. मागच्या वर्षी गाडी पास झाली होती, पण शेरे आहेत: मागच्या ब्रेकचे पाइप गंजलेत, खालचा पत्रा गंजायला लागलाय, पुढचे दोन टायर संपत आलेत. त्यात आता थंडी सुरू झाल्यापासून सकाळी मिसिंग करते, म्हणजे इंजिन अडखळत, थरथरत चालतं, आणि डिकीत, स्टेपनीच्या खड्ड्यात, पाणी साचतंय. जवळच्या गॅरेजवाल्याने सगळं बघून नऊशे पौंड सांगितले आणि वर म्हणाला, एवढा खर्च करण्यासारखी गाडी नाही, भंगारात द्या.

आप्पा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरात तीस वर्षं फिटर होते. ते फोनवर एवढंच म्हणाले, "आधी मला इंजिनाचा आवाज ऐकव." पण गंज फोनवरून ऐकू येत नाही. ज्यांनी परदेशात असं काही केलंय त्यांनी खरं सांगा. ही गाडी उभी करावी का?

---

एमएच०९ | १९ ऑक्टोबर

कंपनी कुठली, मॉडेल कुठलं ते सांग की ताई. आणि तिकडे नंबरप्लेटवर गाडीच्या वयाचा आकडा असतो म्हणतात. मग ०९ ची बघायची होतीस! बर्मिंगहॅममध्ये कोल्हापूरची पासिंग फिरली असती.

---

रंकाळ्याची_पोर | १९ ऑक्टोबर

@एमएच०९ दादा, ०९ चीच शोधत होते, शप्पथ. मार्च ते ऑगस्ट २००९ मधल्या गाड्यांवर तो आकडा असतो. पण त्या माझ्या बजेटच्या बाहेर गेल्या. माझी ५७ ची आहे, म्हणजे सप्टेंबर २००७ नंतरची. कंपनीचं नाव लिहीत नाही, अठरा वर्षांच्या एका गाडीवरून कुणाला बोल लावायचा नाहीये. १४०० सीसीचं इंजिन आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, असे एकूण आठ. जाणकार ओळखतील.

---

हिशेबनीस | २० ऑक्टोबर

माझं मत सरळ आहे. अकराशेच्या गाडीवर नऊशे घालायचे नाहीत. आज ब्रेक पाइप, उद्या क्लचप्लेट, परवा सायलेन्सर. जुन्या गाडीचा खर्च कधी एकदा होऊन संपत नाही. भंगारातून दीड-दोनशे पौंड येतील ते घ्या, अजून सहा महिने बस सहन करा आणि मग जरा बरी गाडी घ्या. परदेशात पहिल्या वर्षी हातात रोख असणं फार महत्त्वाचं, हे मी स्वतः दुबईत शिकलोय. नोकरी, व्हिसा, घराची अनामत, कधी काय अंगावर येईल सांगता येत नाही.

---

न्यू_जर्सीचा_नाना | २० ऑक्टोबर

हिशेबनीसांचं रोख रकमेबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. पण बसबद्दलचं पटलं नाही.

मी १९९८ मध्ये इथे आलो तेव्हा नऊशे डॉलरला एक सेदान घेतली होती. इकडे वापरलेली गाडी बहुतेक वेळा "आहे तशी" विकतात, म्हणजे दारातून बाहेर पडली की तुमची जबाबदारी. रंग चकचकीत, सीट नव्यासारख्या. डिसेंबरात टायर बदलायला गेलो तर मेकॅनिकने जॅक लावला आणि तो जॅक उंबऱ्याच्या, म्हणजे दरवाजाखालच्या पट्टीच्या, पत्र्यातून आरपार वर आला. पत्रा नव्हताच, रंगाखाली पुट्टी होती. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने तो आतून खाल्ला होता. मी कोल्हापुरात वाढलेला माणूस, इंजिन ऐकून गाडी पारखायला शिकलेला. वाकून खाली बघायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा पोरी, सगळ्यात आधी खालून बघ. इंजिन दुरुस्त होतं. सांगाडा कुजला असेल तर आप्पांचा हातसुद्धा काही करू शकणार नाही.

---

चिखलातली_चाकं | २० ऑक्टोबर

मी कोल्हापुरातच जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो, कावळा नाक्याच्या बाजूला. डिकीतलं पाणी वाचून मला आमचा २०१९ चा ऑगस्ट आठवला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद पडला, शहरात शेकडो गाड्या बुडाल्या. २०२१ ला पुन्हा तेच. नंतर त्यातल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून, अत्तर मारून बाजारात आल्या. घेणारा बिचारा लांबच्या जिल्ह्यातला, त्याला पुराचं काय माहीत?

तेव्हापासून मी गाडी बघताना पहिल्यांदा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढतो. धुणारा माणूस सगळं धुतो, पण गुंडाळलेल्या पट्ट्याचं आतलं टोक विसरतो. तिथे गाळाची रेघ असली की मी हात जोडून निघतो. मग पायाखालचं कार्पेट उचलून खालचा फोम दाबायचा, सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का बघायचे, हेडलाइटच्या काचेत आतून पाण्याची रेषा आहे का तेही बघायचं. ताई, हे चारही बघ. पाणी फक्त स्टेपनीच्या खड्ड्यात असेल आणि पुढे सगळं कोरडं असेल तर ती पुराची गाडी नाही, कुठेतरी सील गळतंय. ते काम हजार-पाचशे रुपयांच्या मालात होतं.

आणि एक. तुमच्याकडे प्रत्येक तपासणीचं रीडिंग सरकारी वेबसाइटवर फुकट दिसतं असं ऐकलंय. खरं आहे का? आम्ही इथे मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, विमा, पीयूसी सगळं बघतो, पण मीटर मागे फिरवलाय का हे शेवटी पेडलच्या झिजलेल्या रबरावरून ओळखावं लागतं.

---

थेम्सकाठचा_मावळा | २१ ऑक्टोबर

@चिखलातली_चाकं हो, खरं आहे. गाडीचा नंबर टाकला की २००५ पासूनच्या एमओटी दिसतात. कधी पास, कधी नापास, कशामुळे, काय शेरे, आणि त्या दिवशीचं मीटर. एखाद्या वर्षी मैल अचानक कमी दिसले की समजायचं. मी गाडी बघायला निघण्याआधी घरी बसून हे वाचतो. तोच गंजाचा शेरा चार वर्षं लागोपाठ येत असेल, तर मालकाने चार वर्षं दुर्लक्ष केलंय असा अर्थ.

रंकाळ्याची_पोर, तुला काही गोष्टी सांगायच्या आहेत ज्या गाडीपेक्षा महत्त्वाच्या आहेत. भारतीय लायसन्सवर तुला इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालवता येतं. तू फेब्रुवारीत आलीस. म्हणजे येत्या फेब्रुवारीनंतर इथलं लायसन्स नसेल तर विमाही टिकणार नाही. भारताचं लायसन्स इथे बदलून मिळत नाही, लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात आणि प्रत्यक्ष परीक्षेच्या तारखा महिनोन्‌महिने मिळत नाहीत. आजच तारीख बघ. खरंच, आजच.

लॉगबुक, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, तुझ्या नावावर आलं का? आणि त्यावर नाव आलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही, तसं त्याच्यावरच छापलेलं असतं. आजोबांची सही असलेली पैशाची पावती जपून ठेव. जुन्या मालकाने भरलेला रस्ताकर २०१४ पासून गाडीबरोबर येत नाही, तो तू घेतल्या दिवसापासून भरला असशील अशी आशा आहे.

बर्मिंगहॅमच्या मध्यभागात जून २०२१ पासून जुन्या प्रदूषणकारी गाड्यांना दिवसाला ८ पौंड पडतात. लंडनमध्ये तर ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या उपनगरांत साडेबारा पौंड. पण तुझी २००७ ची पेट्रोल आहे, ती युरो ४ या धुराच्या मानकात बसते, दोन्हीकडे पैसे पडायला नकोत. हीच गाडी डिझेल असती तर मी हिशेबनीसांच्या बाजूने मत दिलं असतं.

शेवटचं: एमओटी संपायच्या एक महिना आधीपासून करता येते आणि पुढची तारीख तीच राहते. तुझी २८ नोव्हेंबरला संपते म्हणजे २९ ऑक्टोबरपासून चालेल. शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस.

---

कागलकर_काकू | २१ ऑक्टोबर

पोरी, मला गाडीतलं काही कळत नाही. माझा मुलगा कॅनडात आहे. एवढंच सांगते, बारा तास उभं राहून सकाळी गाडी चालवशील तेव्हा ब्रेकवर डोळे झाकून विश्वास बसायला हवा. बाकी काहीही मागे ठेव, ब्रेक आधी कर. आणि झोप अनावर झाली तर तिथेच गाडीत वीस मिनिटं डोळा लाव, मग नीघ.

---

फौंड्रीवाला | २१ ऑक्टोबर

मी गोकुळ शिरगावला फौंड्रीत आहे, कास्टिंगचं काम, त्यामुळे इंजिनाच्या पोटातून बोलतो.

ताई, याच जातीचं इंजिन आपल्याकडे २००३ पासून एका सेदानमध्ये होतं, १५०० सीसीचं. त्यालाही आठ प्लग. आप्पांनी ते नक्की उघडलं असणार. थंडीत मिसिंग म्हणजे बहुतेक कॉइल, प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती. पंधरा पौंडांचा ओबीडी रीडर, म्हणजे गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, घे, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लाव. पी०३०१ ते पी०३०४ यातला कुठला कोड येतो बघ, शेवटचा आकडा सिलिंडरचा. मग त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरला लाव. कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेली, नाही सरकला तर प्लग किंवा दुसरं काही. नवीन काही विकत घ्यायच्या आधी ही अदलाबदल कर. फुकट आहे.

आता कळकळीने सांगतो ते वेगळंच. कूलंट तपास. आपल्याकडे रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतायची सवय. कोल्हापुरात चालून जातं, तिकडे नाही. पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं आणि त्या जोराने ब्लॉकला तडा जातो. ब्लॉकच्या बाजूला गोल टोपणं दिसतात ना, लोक समजतात ती गोठण्यापासून वाचवायला बसवलेली असतात. तसं नाही. ब्लॉक ओतताना आतले पाण्याचे मार्ग ठेवायला आम्ही वाळूचे कोअर बसवतो. ओतकाम झाल्यावर ती वाळू बाहेर काढायला भोकं लागतात आणि नंतर ती भोकं त्या टोपणांनी बंद करतात. गोठल्यावर कधीकधी टोपण आधी निसटतं आणि ब्लॉक वाचतो, पण ते नशीब. अँटिफ्रीझ आणि शुद्ध पाणी अर्धं-अर्धं ठेव.

---

गंगावेस_कट्टा | २१ ऑक्टोबर

फौंड्रीवाले भावा, नाद खुळा! वीस वर्षं गाडी चालवतोय, ती टोपणं कशाला असतात ते आज कळलं.

---

म्युनिकचा_पाव्हणा | २२ ऑक्टोबर

जर्मनीत ही तपासणी साधारण दोन वर्षांनी असते, सगळे तिला ट्यूफ म्हणतात. इथे जुन्या गाडीच्या जाहिरातीत किमतीइतकाच "ट्यूफ किती महिने शिल्लक" हा आकडा ठळक असतो. आणि आपलं लायसन्स इथे सहाच महिने चालतं, त्यामुळे थेम्सकाठच्या मावळ्याला जोरदार +१.

हिशेबनीस, सहा महिन्यांनी "जरा बरी" गाडी म्हणजे तीन हजारांची. तिच्यात गंज नसेल याची खात्री काय? हिच्यात निदान काय बिघडलंय ते कागदावर आहे.

---

हिशेबनीस | २२ ऑक्टोबर

@म्युनिकचा_पाव्हणा हा मुद्दा मान्य. माहीत असलेला दोष अनोळखी दोषापेक्षा बरा. तरी मी म्हणेन, आधी खर्चाची मर्यादा ठरवा आणि ती कागदावर लिहा. सहाशेच्या वर गेला तर थांबायचं. नाहीतर "एवढा घातला, अजून थोडा" करत माणूस बुडतो.

---

एमएच०९ | २२ ऑक्टोबर

अवांतर आहे, पण दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक येते ती या वर्षी पोराला खांद्यावर घेऊन दाखवली. पोरगं म्हणालं, पप्पा, एवढी जुनी गाडी चालते कशी? म्हटलं, दरवर्षी कुणीतरी तिची काळजी घेतं म्हणून. हा धागा वाचताना तेच आठवलं.

---

चिखलातली_चाकं | २२ ऑक्टोबर

मेबॅकचं नाव काढलंस आणि माझे पाच मिनिटं गेले. लहानपणी आजोबांबरोबर फक्त ती बघायला जायचो, सोनं लुटायच्या आधी.

---

रंकाळ्याची_पोर | २ नोव्हेंबर

सगळ्यांना सविस्तर उत्तर द्यायचं होतं, पण ड्युट्या लागोपाठ होत्या. आता तीन दिवस सुट्टी आहे.

आधी चिखलातली चाकं दादांची तपासणी. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढले, स्वच्छ. कार्पेटखालचा फोम कोरडा, सीटचे बोल्ट चांगले. पूर नाही. तेवढ्यानेच मला रात्री झोप लागली.

मग मिसिंग. इथली घड्याळं गेल्या रविवारी मागे गेली, त्यामुळे आता कोल्हापूर साडेपाच तास पुढे. माझी सकाळची सात म्हणजे आप्पांची दुपारची साडेबारा, जेवायच्या आधीची वेळ. थंड इंजिन चालू करून फोन बोनेटजवळ धरला. आप्पांनी अर्धा मिनिट डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, "दोन आवाज हायत. टिकटिक टॅपेटची, तिला भ्यायचं नाही. दुसरा एक सिलिंडर मधेच सोडतोय." रीडर लावला, पी०३०२. दुसरा सिलिंडर.

इथे आठ प्लगमुळे एक गुंता झाला. प्रत्येक सिलिंडरला दोन कॉइल आहेत, एक पुढून, एक मागून. कोड फक्त सिलिंडर सांगतो, पुढची की मागची ते सांगत नाही. पुढची दोन नंबरची कॉइल तीनला लावली, कोड दोनवरच राहिला. म्हणजे मागची. आणि मागच्या कॉइल वायपरखालचं प्लास्टिक काढल्याशिवाय हाताला लागत नाहीत. वायपर काढताना त्याचा नट गंजून बसलेला. आप्पा म्हणाले, जोर लावू नकोस, तेल सोड, चहा पिऊन ये. चहा पिऊन आले, नट सुटला. मागची कॉइल तीनला लावली, गाडी चालू केली, कोड पी०३०३! मी तिथे रस्त्यावर ओरडलेच. शेजारच्या बाई दार उघडून बघायला आल्या.

कॉइल नवीन आणली, आठही प्लग बदलले. हेड ॲल्युमिनियमचं आहे, म्हणून प्लग इंजिन गार असतानाच, आधी हाताने फिरवून बसवायचे आणि जास्त आवळायचे नाहीत, हे आप्पांनी चार वेळा बजावलं. टॅपेट सेटिंगसाठी, म्हणजे व्हॉल्व्हची फट नीट करायला, एक दिवस वेगळा काढला. फट मोजायचं पातळ पत्तीचं फिलर गेज हातात धरून पत्ती किती अडकायला हवी ते शब्दांत सांगता येत नाही, म्हणून आप्पांनी तिकडे दोन वर्तमानपत्रांमध्ये गेज घालून ते ओढताना कागद किती हलतो ते कॅमेऱ्यात दाखवलं. मी इकडे तसंच करून बघितलं. आठ व्हॉल्व्हना साडेतीन तास लागले. कव्हरचं गास्केट नवीन घातलं. आता थंडीत सेल्फ मारला की इंजिन सरळ चालू होतं, थरथर नाही.

लहानपणी आप्पा संध्याकाळी घरी आले की हाताला ऑइलचा वास यायचा आणि मला तो आवडायचा नाही. या आठवड्यात माझ्या हातांना तोच वास होता. स्वयंपाकघरात हात धुताना बराच वेळ तशीच उभी राहिले.

---

कागलकर_काकू | २ नोव्हेंबर

वाचून डोळे भरून आले. आप्पांना माझा नमस्कार सांग.

---

फौंड्रीवाला | ३ नोव्हेंबर

वर्तमानपत्रात गेज! असं शिकवणारा मिस्त्री मिळायला भाग्य लागतं. उद्यमनगरात शेतीच्या पाण्यासाठी ऑइल इंजिनं बनवणारी जी पिढी होती, ती अशीच, हाताला काय जाणवतं ते दाखवून शिकवणारी. आमच्याकडे आता नवीन पोरांना डिजिटल गेज दिलं तरी "किती अडकतंय" हे त्यांना समजावता येत नाही.

डिकीतल्या पाण्याचं काय झालं?

---

रंकाळ्याची_पोर | ३ नोव्हेंबर

@फौंड्रीवाला दादा, ते काल झालं. माझ्याबरोबर घरात एक केरळची नर्स राहते. ती टॉर्च घेऊन डिकीत झोपली, मी वरून डिकीचं झाकण लावलं आणि बाहेरून पाइपने पाणी सोडलं, खालून वर, एकेका जागेवर दोन-दोन मिनिटं. आधी खाली, मग दिवे, मग छत. वरून सुरुवात केली असती तर पाणी सगळीकडून ओघळलं असतं आणि काही कळलं नसतं. डाव्या दिव्यामागे दोन पत्रे जोडले आहेत तिथलं सील तडकलेलं, तिथून थेंब येत होते. ती आतून ओरडली, "दिसलं!" जागा सुकवून, घासून सीलंट भरलं. नऊ पौंड. काल रात्री जोरदार पाऊस झाला, सकाळी खड्डा कोरडा.

ब्रेक पाइपचं मी स्वतः करावं का? यूट्यूबवर सगळं दिसतं.

---

न्यू_जर्सीचा_नाना | ३ नोव्हेंबर

नको. पाइपचं टोक फ्लेअर करायचं, म्हणजे फुलवायचं, हत्यार वेगळं, त्याला सराव लागतो. आणि नंतर हवा पूर्ण निघाली नाही तर पेडल दाबल्यावर पाय खाली जातो. कॉइल चुकली तर गाडी बंद पडते, ब्रेक चुकला तर माणूस जातो.

---

थेम्सकाठचा_मावळा | ३ नोव्हेंबर

नानांना +१. माहितीतल्या छोट्या गॅरेजमध्ये फक्त तेवढंच काम सांग, "पाइप तांबे-निकेलचे घाला" म्हण. ते गंजत नाहीत. ब्रेक ऑइलही तेव्हाच बदलेल. ते हवेतली ओल शोषून घेतं, जुनं झालं की गरम होऊन त्यात वाफ होते. आणि पत्रा? तपासणीत गंज कुठे आहे यावर सगळं अवलंबून असतं. सस्पेन्शन, सीटबेल्ट, स्टिअरिंग जिथे बसतं त्या जागेपासून ३० सेंटीमीटरच्या आत पत्रा कुजला असेल तर नापास. दरवाज्याच्या खालच्या कडेला थोडा गंज दिसला म्हणून कुणी नापास करत नाही.

---

चिखलातली_चाकं | ४ नोव्हेंबर

आणि गाडीखाली नुसत्या जॅकवर जायचं नाही ताई. स्टँड लावूनच. आमच्या गल्लीतला एक पोरगा असाच गेला. त्याच्या आईला मी रोज बघतो.

---

रंकाळ्याची_पोर | १६ नोव्हेंबर

निकाल आला. आधी नापास, मग पास.

ब्रेक पाइप आधीच एका गॅरेजमधून बदलून घेतले होते, टायरही घातले. तरी नापासाची दोन कारणं निघाली. नंबरप्लेटचा दिवा लागत नव्हता, आणि उजव्या मागच्या चाकाजवळ उंबऱ्याला रुपयाएवढं भोक, सस्पेन्शनच्या जागेपासून वीतभरावर. तपासणाऱ्याने मला खड्ड्यात उतरवून दाखवलं. पेचकसाने हलकं टोचलं आणि पेचकस आत गेला. नाना, तुम्ही सांगितलेला जॅक तिथे माझ्या डोळ्यांसमोर आला. पण त्याने पुढेही टोचून दाखवलं, बाकीचा सगळा पत्रा टणक आहे. कुजलेला तुकडा कापून नवीन पत्रा वेल्ड केला. गाडी तिथेच ठेवली होती आणि दहा कामाच्या दिवसांच्या आत झालं, त्यामुळे फेरतपासणीची फी पडली नाही. नवीन पत्र्यावर आतून मेण मारून घेतलंय. आता चेशरच्या खाणीतलं मीठ रस्त्यावर पडायला लागेल, म्हणून दर पंधरा दिवसांनी खालून धुवायचं ठरवलंय.

---

हिशेबनीस | १६ नोव्हेंबर

अभिनंदन. मनापासून. आता पूर्ण आकडे द्या, पुढे हा धागा वाचणाऱ्यांना उपयोग होईल. काही लपवू नका.

---

रंकाळ्याची_पोर | १६ नोव्हेंबर

लिहिते. सगळे पौंडात.

कॉइल ३४, प्लग ४८, गास्केट १९, सीलंट ९, रीडर १६, बॅटरी ६५ कारण जुनी थंडीत मान टाकत होती, दोन टायर ११०, ब्रेक पाइप मजुरीसकट १८०, वेल्डिंग १४०, दिव्याचा बल्ब २, एमओटी ४५. एकूण ६६८. तुम्ही सांगितलेल्या सहाशेच्या मर्यादेवर ६८ गेले. ते वेल्डिंगमुळे, आणि तिथे थांबणं मला बरोबर वाटलं नाही, कारण बाकी सगळं झालं होतं. गाडीसकट १७६८.

यात एक आकडा नाही आणि नवीन येणाऱ्यांनी तो आधी बघावा. विमा. पहिल्या वर्षाचा १४६० पौंड, गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. भारतातला बारा वर्षांचा अपघात नसलेला अनुभव माझ्या विमा कंपनीने धरलाच नाही. मी गाडी आधी घेतली आणि विमा नंतर विचारला. उलटं करायला हवं होतं: गाडी आवडली की नंबर टाकून आधी विम्याचा आकडा काढायचा, मग पैसे द्यायचे.

---

म्युनिकचा_पाव्हणा | १७ नोव्हेंबर

विम्याचा हा परिच्छेद धाग्याच्या सुरुवातीला चिकटवायला हवा. लायसन्सचं काय झालं?

---

रंकाळ्याची_पोर | १७ नोव्हेंबर

लेखी परीक्षा झाली. प्रत्यक्षची तारीख जानेवारीच्या शेवटी मिळाली, तीही कुणीतरी रद्द केली म्हणून, पहाटे चारला ड्युटीच्या मधल्या सुट्टीत फोन बघताना. नापास झाले तर फेब्रुवारीनंतर गाडी दारात उभी राहील आणि मी पुन्हा बसच्या थांब्यावर. त्याची तयारी ठेवलीय. रोज ड्युटीवरून येताना एका गोल चौकाला मुद्दाम वळसा घालते, तिथे लेन निवडायला मी अजून चुकते.

---

गंगावेस_कट्टा | १७ नोव्हेंबर

दसरा चौकात रिक्षा, केएमटीच्या बस, सायकली आणि म्हशी यांच्यातनं गाडी काढलेली पोरगी तू. गोल चौकाला काय भ्यायचं!

---

एमएच०९ | १७ नोव्हेंबर

आप्पा काय म्हणाले पास झाल्यावर?

---

रंकाळ्याची_पोर | १७ नोव्हेंबर

पासाचा कागद कॅमेऱ्यासमोर धरला. त्यांनी चष्मा लावून शेऱ्यांचा रकाना वाचायला लावला, एक-एक ओळ, मराठीत करून. मग विचारलं, "स्टेपनीत हवा भरलीस का? एवढे महिने पाण्यात होती ती." भरली नव्हती. दाबून बघितली तर निम्मी बसलेली. आत्ता पेट्रोल पंपावर जाऊन भरून आले.